जावयाची खुर्ची

“माही खुर्ची हाय ते! माह्या जावयाची! साऱ्या गावाच्या नावावर कोन्या मुडद्यानं मांडली, त्याले बाहेर काढा!”

संस्थेच्या व्हरांड्यात ही आरोळी उठली तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो, आणि तिथं माझ्या बशीतला चहा हलला. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू द्या. आवारातल्या कडुनिंबावरचे कावळे जे उडाले ते थेट दहा मैलांवर कामठीला जाऊन बसले, एवढं मात्र मी थोडं वाढवून सांगतो आहे. बाकी सगळं जसंच्या तसं.

धावत खाली उतरलो. आमचा शिपाई एका बाईला फाटकाबाहेर काढायच्या खटपटीत होता, पण तिला ढकलायचं कुठून हेच त्याला समजत नव्हतं. ठेंगणी, रुंद, लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, पायाला वाळलेला चिखल. धानाच्या बांधीत जन्मभर वाकून रोवणी केलेली बाई. असं माणूस शिपायाच्या हाताला हलत नसतं. तिनं मला जिन्यावर पाहिलं आणि बोट रोखलं.

“हाच! हाच बसला होता! सांग गा बाबू, तू बसला होता का नाही माह्या खुर्चीवर?”

सगळी कचेरी माझ्याकडे वळली. टंकलेखिकेचा हात यंत्रावर अडकला.

“बसलो होतो, मावशी.”

“कोन्या कोन्या घरी बसला होता?”

“सगळ्याच घरी.”

“आयका!” ती व्हरांड्याच्या खांबांना उद्देशून म्हणाली. “एक खुर्ची! अन् हे लोक लिहून आले का घरोघरी खुर्च्या हायेत म्हनून!”

आता हे खुर्चीचं काय प्रकरण, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

सत्तरीचं दशक. देशातली गरिबी कशी हटवावी याचा अभ्यास करणाऱ्या संस्था तेव्हा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या, त्यातली एक नागपुरात आमची. नाव सांगत नाही. सांगितलं तरी लक्षात राहणार नाही, कारण तिच्या नावात विकास, सामाजिक, आर्थिक, नियोजन हे सगळे शब्द होते आणि पाटी रंगवणाऱ्यानं शेवटचा शब्द कंपाउंडच्या भिंतीवर वळवून लिहिला होता. संचालक साहेब बाहेरदेशी शिकून आलेले. गरिबीवर त्यांचा इतका जीव, की ती खरोखर हटली असती तर साहेबांना सुतक पडलं असतं.

त्यांनी एक निर्देशांक काढला होता. राहणीमानाचा. माणसाला मिळकत विचारली की तो खोटं बोलतो, वस्तू खोटं बोलत नाही, हे त्यांचं तत्त्व. म्हणून घरात शिरून पाहायचं: खुर्ची आहे का, रेडिओ आहे का, सायकल, घड्याळ, कपबशी आहे का. प्रत्येक वस्तूला गुण. खुर्चीला सगळ्यात जास्त. जमिनीवर बसणं सोडलं की माणूस मनानंही जमीन सोडतो, असं साहेबांनी कुठल्याशा परिषदेत सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, खुर्च्यांवर बसून. ज्या गावाचे गुण जास्त ते प्रगत, कमी ते मागास.

इथवर कोणाचं काही बिघडत नव्हतं. अशा कागदांचा उपयोग तोवर उंदरांनाच होत आला होता. पण सरकारला एकाएकी हा निर्देशांक आवडला. ठरलं असं की जी गावं यात मागास निघतील, तिथं आधी आरोग्य उपकेंद्र द्यायचं. म्हणजे दोन खोल्या, औषधांचं कपाट आणि मुक्कामाला एक नर्सबाई. आणि आम्ही अन्वेषक, म्हणजे घरोघर फिरून तक्ते भरणारे, कुही तालुक्यात सुटलो.

हे मावशीचं गाव नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की गाव बेट. बाईला कळा सुरू झाल्या तर खाटेवर घालून कुहीला न्यायची, आणि नाल्यानं वाट दिली तर. हे आम्हाला पहिल्याच घरात कळलं. तक्त्यात नाल्याला रकाना नव्हता.

त्या पहिल्या घरात मला खुर्ची मिळाली. आता खुर्चीतलं मला थोडं कळतं. आमची नागपूरच्या लकडगंजात लाकूड चिरायची आरामशीन. मी लाकडाच्या भुशात वाढलो, शिंकलो तरी नाकातून सागवान निघायचं. अर्थशास्त्रात एम. ए. झालो तेव्हा वडील म्हणाले होते, “बरं झालं. इथं लाकूड चिरतो, तिथं माणसं चिर.” तर सांगायचं म्हणजे खुर्ची अस्सल सागवानी, हातांची, पाठीला वेताची वीण. डाव्या हाताच्या टोकाला कोरलेला पोपट, चोच तुटलेला. आणि बैठकीत पुढच्या कडेला एक खिळा. मी बसलो, उठलो, आणि त्या खिळ्यानं माझ्या नव्या टेरिलिनच्या पॅंटीचा घास घेतला.

गुलाबाच्या फुलांच्या कपबशीत चहा आला. कोनाड्यात झालरीचं झाकण घातलेला ट्रान्झिस्टर. दारात सायकल. माझ्या जोडीदारानं भराभर खुणा केल्या. खुर्ची आहे, रेडिओ आहे, सायकल आहे, कपबशी आहे.

दुसरं घर. पुन्हा खुर्ची. पुन्हा पोपट. चोच नाही.

“अबे,” मी जोडीदाराच्या कानात म्हटलं, “हा पोपट पाहिलेला वाटतो.”

“गावात एकच सुतार असन. एकसारखे पोपट करत असन.”

“एकसारखी तुटकी चोच?”

“छोड ना बे. तू संशोधक आहे का सुतार?”

तिसऱ्या घरी खिळ्यानं पॅंटीचं जुनं छिद्र बरोबर शोधून काढलं. त्यानंतर तर खिळा माझी वाट पाहायचा. ओळखीचा झाला होता. त्याला माझी बैठक पाठ झाली होती आणि मला त्याचा स्वभाव. आणि प्रत्येक घरी आम्ही पुढच्या दारानं शिरलो की मागच्या परसातून धापांचा आवाज यायचा, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत ही मावशी उभी. घामानं डबडबलेली, पदरानं वारा घेणारी, आणि चेहरा असा जणू ती त्याच घरात जन्मली. एकीकडे ती बाईची जाऊ, दुसरीकडे नणंद, तिसरीकडे विहीण. मला वाटलं, या बाईचं नातं नाही असं गावात फक्त मारुतीचं देऊळ असावं.

शेवटी मी एका परसात वाकून पाहिलंच. मावशीनं खुर्ची डोक्यावर उलटी घातली होती, चार पाय आभाळाकडे, आणि वाळत घातलेल्या मिरच्या तुडवल्या जाणार नाहीत अशा बेतानं ती पुढच्या घराकडे पळत होती. मागं एक म्हातारा छातीशी ट्रान्झिस्टर धरून. त्याच्यामागं मास्तर, सायकल ढकलत.

“मावशी, हे काय करून राहिले तुम्ही?” मी ओरडलो.

“काही नाही गा बाबू, तू बस ना!” ती खुर्चीखालून म्हणाली. “पुढच्या घरी चा टाकला हाय!”

मग तिनं सगळं सांगितलं, आणि त्यात लपवण्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. लेकीच्या लग्नानंतर जावई पहिल्या दिवाळसणाला येणार. शहरातल्या शाळेत शिकवणारा. त्याला खाली कसं बसवायचं? म्हणून तिनं लकडगंजातून खुर्ची घेतली आणि एस.टी.च्या टपावर बांधून आणली. जावई बसला, जेवला, गेला. खुर्ची राहिली. तेव्हापासून गावात कोणाकडेही मोठा पाहुणा आला, सोयरीक जुळवायला माणसं आली, की खुर्ची तिकडे जायची. तसाच म्हाताऱ्याचा ट्रान्झिस्टर, कोणाच्या तरी आंदणातली कपबशी, मास्तरची सायकल. पाहुण्यांचा सरंजाम गावात एकच, आणि तो ज्याच्या दारी पाहुणा त्याच्या घरचा. कोणी कोणाला विचारत नसे. त्या दिवशी मुसीबत एवढीच झाली की पाहुणे प्रत्येक घरी होते.

मी काही गप्प बसणारा प्राणी नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी मी शेरा लिहिला: ‘खुर्ची एकच, फिरती.’ जोडीदारानं कपाळाला हात लावला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं.

“हे काय लिहिलंय तुम्ही?”

“सर, जे दिसलं ते.”

“तुम्ही त्या घरात गेलात तेव्हा खुर्ची त्या घरात होती?”

“होती, सर. पण ती आधीच्या घरातून…”

“होती की नव्हती?”

“होती.”

“मग संपलं. शेऱ्याला संकेतांक नाही. यंत्राच्या कार्डावर छिद्र कुठं पाडायचं?” त्यांनी लाल पेन्सिलीनं माझे शेरे एकेक करून खोडले, अगदी प्रेमानं, मुलाच्या वहीतल्या चुका बाप खोडतो तसे. “भावनेला आवर घाला. संशोधनात कोण आला, कोण गेला, हे पाहायचं नसतं.”

मग कार्डांना छिद्रं पडली, कार्डं यंत्रात गेली, आणि यंत्रातून निघालं की नाल्यापलीकडचं ते गाव तालुक्यातल्या सुखवस्तू गावांत पहिल्या रांगेत. घरागणिक खुर्ची! अख्ख्या लकडगंजात घरागणिक खुर्ची नव्हती. आमच्याच घरी वडील गादीवर मांडी घालून बसायचे.

आणि आता ऐका, इथं मला हसू येतं आणि मग येत नाही. ग्रामसेवकानं पारावर उभं राहून निकाल वाचून दाखवला, तेव्हा गावानं गुलाल उधळला. आपलं गाव प्रगत निघालं! मावशीनं म्हणे साखर वाटली. खुर्चीला हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, तर मग नर्सबाई केव्हा येणार? ग्रामसेवक म्हणाला, नर्सबाई मागास गावाला मिळते. शेजारच्या गावाला मिळाली. ते गाव नाल्याच्या अलीकडे, पक्क्या सडकेवर, कुहीपासून सायकलीच्या टप्प्यात. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती, आणि आमच्या दुसऱ्या तुकडीला त्यांनी सतरंजीवर बसवलं होतं.

तर मावशी त्या सकाळी व्हरांड्यात उभी होती ती यासाठी. तिची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. श्रावणात दिवस भरत होते. श्रावणात नाला.

साहेब बाहेर आले. संध्याकाळपासून चर्चासत्र होतं, त्यासाठी मागवलेल्या घडीच्या खुर्च्या व्हरांड्यात भिंतीला टेकून रचल्या होत्या, पार छतापर्यंत. मावशी ओरडून दमली होती. ती पायरीवर बसली.

“बाई,” साहेब म्हणाले, त्यांचा आवाज नेहमी दुधात साखर घातल्यासारखा, “तुम्ही लोकांनी चुकीची माहिती दिलीत, त्याला संस्था काय करणार?”

“चुकीची?” ती पुन्हा उभी. “कोन चुकीचं बोललं? तुमच्या मानसानं इचारलं, घरात खुर्ची हाय का? खुर्ची घरात होती. हा बाबू तिच्यावरच तर बसला होता! आमी काय म्हनाचं होतं, नाही म्हनून?”

शिपाईसुद्धा मान डोलवायला लागला होता, मग साहेबांचा चेहरा पाहून त्यानं ती थांबवली.

“सर,” मी म्हटलं, “पुन्हा एकदा पाहणी करता येईल. एक दिवसाचं काम आहे. मी जातो.”

“आणि मग बाकीच्या गावांचं काय? एका गावाचा आकडा चुकला असं मान्य केलं, की प्रत्येक गाव येऊन उभं राहील.” ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते, म्हणजे तिला कळू नये. तिला सगळं कळत होतं. तोंडावरून माणूस वाचता येतो, भाषा कोणतीही असो. मग ते तिच्याकडे वळले. “अहवाल शासनाला सादर झाला आहे, बाई. आता आमच्या हातात काही नाही. मुलीला तालुक्याच्या गावी का नेत नाही?”

“कोनापाशी नेऊ, सायेब? पयलं बाळंतपन माहेरी होत असते. तिची माय मी हाय. माहं घर तिथं हाय.”

“मग काळजी घ्या,” साहेब म्हणाले. ते घड्याळ पाहून आत गेले. पुढच्या महिन्यात ते दिल्लीत हाच निर्देशांक मांडणार होते, आणि त्यांनी तो मांडलाही, आणि मला सांगतात की दिल्लीतल्या टाळ्या नागपुरातल्यांपेक्षा बराच जास्त वेळ टिकल्या.

मी तिला बसस्थानकावर सोडायला गेलो. एस.टी.त चढताना ती म्हणाली, “तुह्या पॅंटीचं छिद्र शिवलं का गा?”

मी सरकारला एक अर्ज केला, माझ्या नावानं. मग आणखी एक. उत्तर आलं की सदर बाब संस्थेच्या अभिप्रायासाठी पाठवली आहे. संस्थेत ती आली, माझ्याच टेबलावरून साहेबांकडे गेली, आणि तिथं वारली. माझी वेतनवाढ तिच्याबरोबर सती गेली.

साहेब दिल्लीला बढतीवर गेले. कुठल्याशा समितीवर. त्यांच्या जागी दुसरे साहेब आले, त्यांचा चष्मा वेगळा आणि चहा तोच. आणि त्यांच्याबरोबर नवा प्रकल्प आला. ग्रामीण भागातील बालमृत्यूंची सामाजिक कारणे. तुलना करता यावी म्हणून गावं आधीचीच घ्यायची, असं ठरलं. मला हसावं की काय करावं कळेना. मी जोडीदाराला म्हटलं, त्या गावात मी एकटा जातो. तो म्हणाला, “जा बाबा. पॅंट जुनी घाल.”

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नाल्यात गुडघाभर पाणी, धान कापणीला आलेलं. मावशीच्या दारी गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, तिनं ओरडायला सुरुवात केली की काय म्हणायचं ते. ती ओरडली नाही. मला पाहिलं, आत गेली, आणि खुर्ची घेऊन बाहेर आली.

पोपट अख्खाच गेला होता, फक्त त्याचे पाय राहिले होते. दोन्ही हातांवर दोरखंडाचे वळ, सागवानात खोल उतरलेले. लकडगंजातला मी, मला ते वळ वाचायला कोणाची मदत लागली नाही. हातांच्या खालून बांबू घातला, दोर आवळून बांधले, आणि वर ओझं घेऊन धक्के खात माणसं चालली, की सागवानावर असे वळ उठतात.

मी खाली बसलो, ओट्यावर. तक्ता काढला. नाही काढला असता तर बरं, पण मी नोकरीला होतो.

“घरात गेल्या वर्षात लहान मुलाचा मृत्यू?” मी वाचलं. मान वर केली नाही.

“हाव.”

“वय?”

“वय नव्हतं झालं त्याचं.” जिच्या आवाजानं कावळे कामठीला गेले होते, तिचं बोलणं ऐकायला मला पुढं वाकावं लागत होतं. “खाट निसटून राहिली होती पान्यात. मंग खुर्चीले बांबू लावले. मास्तर होता, बुढा होता, सारे होते. नाल्यातून काढलं तिले. कुही लांब पडली.”

“आणि लेक?”

“जगली. सासरी हाय. आता येत नाही.”

तक्त्यात पुढचा प्रश्न होता: वैद्यकीय मदत का मिळू शकली नाही? खाली छापील कारणं होती. अज्ञान, अंधश्रद्धा, अंतर, उदासीनता, इतर. मी पेन हातात धरून बसलो. तिनं पदरानं खुर्चीची बैठक पुसली, आणि मग खिळा बोटानं चाचपला, जणू पाहुण्याला लागू नये.

“बस ना गा वर.”

“मावशी,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला, “त्या दिवशी हे काहून केलं तुम्ही? एका घरी राहू द्यायची होती खुर्ची. बाकीच्या घरी आम्ही खाली बसलो असतो. काय बिघडलं असतं?”

तिनं खुर्ची उचलून माझ्या बाजूच्या सावलीत सरकवली.

“पाहुणे होते तुमी,” ती म्हणाली.